टाचणीचे टाके

सोफ्याच्या पोटात काय काय सापडतं, हे फोमकाकांइतकं कुणाला ठाऊक नसेल. गेली अडतीस वर्षं ते लोकांच्या खुर्च्या, कोच आणि दिवाण उसवत आणि पुन्हा भरत आले होते. कंगवे, किल्ल्या, पेन्सिली, पत्त्यांच्या जोडातली चौकटची राणी, एकदा तर दातांची अख्खी कवळी. सापडलेली वस्तू पुसून ते कागदी पिशवीत घालायचे आणि सोफ्याबरोबर मालकाच्या घरी पाठवायचे. पण दीड वर्षापूर्वी एका गोदामातून आलेला जुना सोफा त्यांनी उलटा केला, खालचं कापड उसवून हात आत घातला, आणि हातालाच कुणीतरी चावलं.

"अगं, यात काहीतरी जिवंत आहे!"

काकू शिलाई मशीनवर कव्हर शिवत होत्या. त्यांनी पायही थांबवला नाही. "उंदीर असेल. थांबा, झाडू आणते."

उंदीर नव्हता. स्प्रिंगांच्या मधे, काथ्याच्या गुंत्यात अडकलेलं मुठीएवढं करडं कुत्र्याचं पिल्लू होतं. गोदामवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "सोफा आमचा. त्यातला प्राणी आमचा नाही." पिल्लाचे दात इतके बारीक आणि टोकदार होते की काकूंनी तिथल्या तिथे तिचं नाव टाचणी ठेवून टाकलं. दोन दिवसांसाठी ठेवू म्हणून ठेवलेली टाचणी मग तिथलीच झाली. दुकानात दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक सोफ्यावर पहिली उडी तिची. ती ज्यावर सलग तासभर झोपली, त्याची गादी जमली असं काका गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायचे.

दुकान म्हणजे शटरची एक लांबट खोली. एका बाजूला फोमच्या लाद्या छतापर्यंत रचलेल्या, दुसऱ्या बाजूला लाकडी सांगाडे, मधे काकूंचं मशीन आणि मागे राहायच्या दोन खोल्या. एकुलती मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. दिवसभर एकजण ठोकतो आहे आणि एकजण शिवते आहे, आणि दोघंही एकमेकांशी न बघता बोलताहेत, असा त्यांचा संसार होता.

फोमकाकांचं वय एकसष्ट. अंगाने काटक, स्वभावाने मऊ, आणि एका बाबतीत मात्र दगड. तीन वर्षांपूर्वी एका हॉटेलचा अवजड कोच उचलताना त्यांच्या उजव्या जांघेत काहीतरी सटकलं. तिथे लिंबाएवढी गाठ यायला लागली. झोपलं की आत जायची, उभं राहिलं की बाहेर. डॉक्टरांनी एका नजरेत सांगितलं, हर्निया आहे, ऑपरेशन करून टाका, अगदी छोटं असतं. काकांनी मान डोलावली, दवाखान्यातून निघाले आणि येताना औषधांच्या दुकानातून कमरेचा पट्टा घेऊन आले. तेव्हापासून तो पट्टा होता आणि काकूंची कटकट होती.

"अहो, तारीख तरी घ्या."

"हे एवढं हॉटेलचं काम उरकू दे."

हॉटेलचं काम उरकून तीन वर्षं झाली होती.

खरं कारण काकूंना अर्धंच माहीत होतं. काका अकरा वर्षांचे असताना त्यांचे वडील एका छोट्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात गेले होते. वडील सुतार होते. जाताना मुलाच्या हातात पॉलिश करायचा कागद देऊन म्हणाले, "हे स्टूल घासून ठेव, संध्याकाळी येतो." भूल दिली ती उतरलीच नाही. 'छोटं ऑपरेशन' हे दोन शब्द एकत्र ऐकले की काकांच्या तळव्यांना घाम फुटायचा, आणि हे ते कुणालाच सांगत नसत.

टाचणी वयात आली तेव्हा गल्लीतले झाडून सगळे कुत्रे शटरसमोर मुक्कामाला आले. तीन आठवडे गिऱ्हाइकांना काठी घेऊन आत आणावं लागलं. ते संपल्यावर काकू टाचणीला घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात गेल्या आणि परत आल्या त्या नसबंदीची तारीख ठरवूनच.

"चांगल्या धडधाकट जिवाला कशाला फाडायचं?" काका चिडले.

"पिल्लं झाली तर कुठे ठेवणार? प्रत्येक सोफ्यात एकेक भरून देणार गिऱ्हाइकांना? आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढे गर्भाशयाचे आजार होतात ते टळतात. मला तारीख पुढे ढकलता येत नाही. ती कला तुमची."



ठरलेल्या दिवशी टाचणीला उपाशी ठेवायचं होतं. सकाळी रिकाम्या वाडग्याजवळ बसून तिने काकांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती चुकवायला काका अर्धा तास उगीच खिळे निवडत बसले. काकूंना एक कव्हर त्याच दिवशी द्यायचं होतं, म्हणून टाचणीला घेऊन काकांनाच जावं लागलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. त्यांनी टाचणीला तपासलं, वजन केलं, सोळा किलो भरलं. मग काकांसमोर एक कागद सरकवला. भूल देण्यासाठी संमतीचा.

काकांनी पेन हातात घेतलं. अडतीस वर्षं जाड कापडातून सरळ टाका काढणारा तो हात, पण सही अशी आली की ती काकांची आहे यावर बँकेनेही विश्वास ठेवला नसता.

"काका, तुम्ही घरी जा," कंपाउंडर म्हणाला. "तीन वाजता या."

"बसतो इथेच."

"चार तास आहेत."

"बाक तसा बरा आहे," काका म्हणाले. बाक अजिबात बरा नव्हता. रेक्झिन फाटलेलं, आतला फोम मेलेला.

ते बसून राहिले. दाराच्या धूसर काचेपलीकडे सावल्या हलत होत्या. साडेबाराला दार उघडलं आणि डॉक्टरीणबाईंनी त्यांना हाताने बोलावलं.

"ऑपरेशन छान झालं. आता जागी होईल. ओळखीचा माणूस जवळ असला की घाबरत नाहीत. बसता?"

टाचणी जमिनीवर ब्लँकेटवर पडली होती. पोटाचे केस काढलेले, मधोमध टाक्यांची सरळ रेघ. जीभ एका बाजूला लोंबत होती. आणि डोळे उघडे होते. उघडे, पण त्यांत कुणी नव्हतं. काका तिच्याजवळ खाली बसले.

"ही..."

"श्वास बघा. इथे हात ठेवा."

काकांनी बरगडीवर हात ठेवला. हात वर गेला, खाली आला. पुन्हा वर गेला. त्यांनी तो उचललाच नाही. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मग डावा कान किंचित हलला. जीभ आत गेली. डोळ्यांत कुणीतरी लांबून चालत यावं तशी टाचणी हळूहळू आली, तिने काकांकडे बघितलं, आणि शेपटीचं फक्त टोक ब्लँकेटवर एकदा आपटलं.

"तिला काही कळलं का हो मधलं?" काकांनी विचारलं.

"काहीच नाही. झोपली आणि उठली."

"दुखलं पण नसेल?"

"झोपेत नाही. आता थोडं दुखेल, त्याचं औषध देते."

"म्हणजे नुसती झोपली आणि उठली."

"हो, काका." डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. पण बाहेर दुसरा पेशंट होता.

घरी पाठवताना त्यांनी सगळं समजावून सांगितलं. दोन आठवडे उड्या नाहीत, पळणं नाही, जिने नाहीत, आंघोळ नाही. शी-शूला पट्टा लावून न्यायचं आणि लगेच परत आणायचं. जखम सकाळ-संध्याकाळ बघायची. थोडी लाली, थोडी सूज चालेल. पाणी येणं, वास येणं, फट पडणं चालणार नाही. आणि गळ्यात हा प्लॅस्टिकचा कोन. "हा काढायचा नाही. ती कितीही बिचारी दिसली तरी काढायचा नाही. कुत्र्याची जीभ टाक्यांची वैरी असते."

काकांनी सगळं ऐकलं आणि घरी येऊन पहिली चूक लगेच केली. हौसेने त्यांनी सहा इंची फोमची ऐसपैस गादी कापली. मऊसूत, कडेने गोटासारखं पाइपिंग. टाचणी तिच्यासमोर डुलत उभी राहिली. चढायचं कसं, तिला समजेना.

"राजवाडा बांधलात, जिना विसरलात," काकू म्हणाल्या.

मग दोन इंची टणक फोम आला, वर धुता येईल असं सुती कव्हर आलं, आणि ते सगळं मागच्या खोलीत, पंख्याच्या झोताबाहेर, भिंतीच्या कोपऱ्यात जमिनीवर मांडलं गेलं. टाचणी थरथरत होती. काकूंनी अंगावर चादर घातली, दिवा मालवला, पडदा ओढला. संध्याकाळी नेहमीच्या निम्मं खाणं दिलं. तिने दोन घास खाल्ले आणि काकांच्या पायावर हनुवटी ठेवून बारीक आवाजात कण्हायला लागली.

काका उठले आणि फळीवरून स्वतःची पाठदुखीची गोळी काढून तिचे दोन तुकडे करू लागले. काकूंनी मनगटच धरलं.

"काय करताय?"

"दुखतंय गं तिला."

"तिचं औषध जेवणाबरोबर दिलंय. माणसाची गोळी तिला विष ठरू शकते. कागदावर लिहिलंय, लाल अक्षरात. चष्मा लावून वाचलंत का?"

काकांनी गोळी परत डबीत टाकली.

दुसऱ्या दिवशी खरा प्रश्न उभा राहिला. दुकानात तीन सोफे आलेले, आणि टाचणीचा जन्मच सोफ्यावर चढण्यासाठी झालेला. काकांनी तिन्ही सोफे उभे करून भिंतीला टेकवले. दिवाण पाठीवर उलटा टाकला. येणारं गिऱ्हाईक इकडेतिकडे बघायचं आणि उभं राहायचं. "सोफ्याच्या दुकानात बसायला जागा नाही, हे मी पहिल्यांदाच बघतोय," समोरचा छापखानेवाला म्हणाला. काका स्वतः जमिनीवर मांडी घालून काम करू लागले, म्हणजे टाचणीही जमिनीवरच राहायची.

कोनाने मात्र सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आणला. टाचणीला आपल्या डोक्याची रुंदी समजत नव्हती. दाराला ठोकर, मशीनच्या पायाला ठोकर, काकूंच्या पोटऱ्यांना तर इतक्या ठोकरा की त्या चालताना 'भोंगा आला' म्हणून बाजूला व्हायच्या. पाणी पिताना कोन जमिनीला टेकायचा आणि तोंड वाडग्यापर्यंत पोचायचंच नाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, तास तास, रुसलेल्या माणसासारखी.

चौथ्या दिवशी दुपारी काकू कापड आणायला बाहेर गेल्या होत्या. टाचणी भिंतीकडे तोंड करून उभी होती. काकांना राहवलं नाही.

"पाच मिनिटं हं," ते म्हणाले. "मी बसलोय इथे."

त्यांनी कोन काढला. टाचणीने अंग झाडलं, मान खाजवली, इतकी खूश झाली की काकांनाही बरं वाटलं. तेवढ्यात बाहेरून हाक आली. एक बाई पडद्याच्या रंगाशी जुळणारं कापड बघायला आली होती. नमुन्यांची वही उघडली गेली, हिरव्यातले सात हिरवे निघाले. पाच मिनिटांची पंधरा झाली.

काका परत आले तेव्हा टाचणी कुशीवर पडून एकचित्ताने चाटत होती. रेघेचं खालचं टोक ओलं, लालभडक झालं होतं. एक टाका नव्हताच. दुसरा लोंबत होता. तिथे करंगळीच्या नखाएवढी फट पडली होती.

काकांनी धुतलेली चादर ओढली, टाचणीला तिच्यात गुंडाळलं, दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि शटर तसंच उघडं टाकून निघाले. सोळा किलो. दोन गल्ल्या. कमरेचा पट्टा त्या दिवशी बांधलेला नव्हता. पहिल्या वळणावर जांघेत कळ आली, दुसऱ्या वळणावर डोळ्यांसमोर काजवे चमकले. ते थांबले नाहीत.

"मी काढला कोन," दवाखान्यात शिरताच ते म्हणाले. "माझी चूक. तिची नाही."

डॉक्टरीणबाईंनी टाचणीला लगेच टेबलावर घेतलं. जखम धुतली, नीट चाचपली. मग खांदे सैल केले.

"आतली शिवण शाबूत आहे. फक्त वरची कातडी सुटलीय. जागा बधिर करून दोन टाके घालते. तुम्ही डोकं धरा."

काकांनी डोकं धरलं. टाके घालताना बाई बोलत होत्या, टाचणीसाठी की काकांसाठी कोण जाणे. आत तीन थर असतात, म्हणाल्या. सगळ्यात आत पोटाची भिंत, तिच्यावर खरा भार. मग चरबीचा थर. मग कातडी.

"म्हणजे आधी पट्ट्या, मग काथ्या, मग कव्हर," काका पुटपुटले.

"काय?"

"सोफ्याचं पण असंच असतं. कव्हर फाटलं तर शिवता येतं. आतल्या पट्ट्या गेल्या की माणूस खाली जातो."

"अगदी तसंच." बाई गाठ मारता मारता हसल्या. "म्हणून सांगते, यापुढे कोन काढलात तर पट्ट्यांपर्यंत जाईल हं. मोजणी आता पुन्हा पहिल्या दिवसापासून."

काकांनी मान डोलावली. पण आता त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि एक हात खिशाच्या आतून जांघ दाबत होता.

"तुम्हाला काय होतंय?"

"काही नाही. गॅस."

"गॅस असा हाताने आत ढकलावा लागत नाही, काका. किती वर्षं आहे?"

 टाचणीने काकांचा अंगठा चाटला.

"तीन," ते म्हणाले.

"माझ्याकडे दोन पायांच्या पेशंटला बंदी आहे, नाहीतर आजच टेबलावर घेतलं असतं. आत जातेय ना अजून गाठ? गेली? बरं. पण एक दिवस आत जाणार नाही, अडकेल, आणि मग छोटं ऑपरेशन छोटं राहणार नाही. इतकी वर्षं कशाला थांबलात?"

पंखा फिरत होता. कंपाउंडर बाहेर होता. का कोण जाणे, जे काकूंना छत्तीस वर्षांच्या संसारात पूर्ण सांगितलं नव्हतं ते काकांनी त्या परक्या मुलीला सांगून टाकलं. पॉलिशचा कागद. स्टूल. संध्याकाळ.

डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. हातमोजे काढून त्या समोरच्या स्टुलावर बसल्या.

"तेव्हा काय झालं असेल, मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. आता भूल देताना श्वास, हृदय, सगळ्यावर लक्ष ठेवतात, आधी तपासण्या करतात. शंभर टक्के कशाचीच हमी नसते, खोटं सांगणार नाही. पण त्या दिवशी तुम्ही बसला होतात ना हिच्याजवळ? बघितलंत ना काय होतं ते?"

"झोपली आणि उठली," काका म्हणाले.

"तेच."

परत जाताना बाईंनी त्यांना टाचणीला उचलू दिलं नाही. कंपाउंडर तिला घेऊन घरापर्यंत आला. दुकानात काकू उघड्या शटरसमोर, कापडाचा गठ्ठा छातीशी धरून, पांढऱ्याफटक चेहऱ्याने उभ्या होत्या. काकांनी सगळं सांगितलं. काकू रागावल्या, आणि रागावून झाल्यावर त्यांनी काकांचा जुना बनियन फाडायला घेतला.

"कोन तिला सोसत नाही, आणि तुम्हाला तिचं दुःख सोसत नाही. तेव्हा काहीतरी शिवायलाच हवं. करा तुमचं डोकं चालू."

पुढचे दोन दिवस दुकानातलं बाकी काम बाजूला पडलं. काकांनी आधी फोमचं गोल कडं केलं, प्रवासात मानेला लावतात तसं. मऊ, देखणं. टाचणीने ते घातलं, कमान केली, आणि लांब नाक थेट पोटापर्यंत नेऊन दाखवलं. कडं बाद. मग त्यांनी टेपने तिची मान मोजली, मानेपासून नाकाच्या टोकापर्यंत मोजलं, त्यात दोन बोटं वाढवली. पातळ फोम, बाहेरून रेक्झिन, आतून सुती कापड, आणि मधे पाइपिंगच्या प्लॅस्टिक पट्ट्यांच्या सहा काड्या, छत्रीसारख्या. म्हणजे कोन ताठ राहील, पण दाराला आपटला की वाकेल. गळ्याशी वेल्क्रो, आत दोन बोटं सहज जातील इतकं सैल. काकूंनी बनियनचा अंगरखा शिवला, पुढचे दोन पाय घालायला दोन भोकं, पाठीवर बटणं, आणि मागची बाजू शी-शूच्या वेळी वर दुमडता येईल अशी. पाण्याचा वाडगा काकांनी लाकडी ठोकळ्यावर बसवला, तेव्हा टाचणी कोनासकट मान न वाकवता प्यायला लागली. लपलप आवाज ऐकून दोघंही हातातलं काम सोडून बघत बसले.

काकांनी दवाखान्यात जाऊन दोन्ही गोष्टी दाखवल्या. डॉक्टरीणबाईंनी कोन उलटापालटा करून पाहिला, टाचणीला घालून तिला वळायला लावलं. नाक पोटापर्यंत पोचलं नाही.

"चालेल. उत्तम चालेल," त्या म्हणाल्या. "पण नजर ठेवायची."

नजर ठेवायला काकांना आता सांगावं लागत नव्हतं. सकाळ-संध्याकाळ बॅटरी घेऊन ते टाचणीच्या पोटापाशी बसायचे आणि मशीनवरच्या काकूंना बातमी द्यायचे. "लाली कमी आहे." "सूज उतरली." "खपली धरतेय, कोरडी आहे एकदम." गिऱ्हाइकाला वाटायचं हे कुठल्या तरी कापडाबद्दल चाललंय. नवव्या दिवसापासून टाचणीच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. पळायला मिळेना म्हणून ती काकांची चप्पल ओढायला लागली. मग काका जुना टॉवेल घट्ट गुंडाळून त्याच्या घड्यांत बिस्किटाचे तुकडे लपवायचे, आणि ती ते हुंगून काढण्यात अर्धा तास गुंतायची.

नव्या मोजणीच्या चौदाव्या दिवशी टाके निघाले. बाईंनी चिमट्याने एकेक उचलला, कात्रीचा बारीक आवाज झाला, टाचणी कंटाळून जांभई देत राहिली. खाली पोटावर गुलाबी रेघ उरली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना करडे केस परत उगवायला लागले होते. काका बराच वेळ ती रेघ बघत होते.

"सुरेख बसलीय शिवण," ते म्हणाले. जाणकाराने जाणकाराला द्यावी तशी दाद होती ती.

त्या दुपारी ते टाचणीला घरी सोडून पुन्हा बाहेर गेले. कुठे ते सांगितलं नाही. तासाभराने आले, हातोडी उचलली, दोन खिळे ठोकले, आणि काकूंकडे न बघता म्हणाले, "पुढच्या सोमवारी."

"काय पुढच्या सोमवारी?"

"माझं. नाव नोंदवून आलो."

मशीन थांबलं. काकूंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोऱ्याचं टोक हातातून सुटू दिलं.

"उठताना तू जवळ बस," काका म्हणाले. "बाकी काही नको. हात ठेव इथे, बरगडीवर."

"बसेन," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता, तो त्यांनी लगेच वाळवला. "पण टाके चाटायचे नाहीत. आधीच सांगून ठेवते."

सोमवारी काका घाबरले नाहीत असं नाही. पांढऱ्या दिव्याखाली झोपल्यावर त्यांना वडिलांचा चेहरा दिसला, आणि मग टाचणीचा कान. भूल देणारे डॉक्टर दहापर्यंत आकडे मोजायला म्हणाले. काका चारपर्यंत पोचले. डोळे उघडले तेव्हा काकू शेजारी होत्या आणि त्यांचा तळवा काकांच्या छातीवर होता.

"झालं?"

"केव्हाच. घोरत होतात."

"कळलंच नाही गं मला," काका म्हणाले. आणि मग, बोलता बोलता जीभ जड होत असतानाही, त्यांनी काकूंना वडिलांबद्दल सांगायला सुरुवात केली. ऑपरेशनचं नाही. वडील रंधा मारताना शीळ कशी घालायचे, लाकडाचा वास कपड्यांना कसा असायचा, सापडलेल्या खिळ्याला ते 'पाहुणा' कसं म्हणायचे. पन्नास वर्षं या सगळ्याच्या पुढे ती एक संध्याकाळ उभी होती. ती जराशी बाजूला सरकली तसं मागचं दिसायला लागलं. काकू ऐकत राहिल्या.

घरी आल्यावर काकांचे हाल झाले ते वेगळेच. वाकायचं नाही, उचलायचं नाही, जिने नाहीत. हातोडीसुद्धा काकूंनी वरच्या फळीवर ठेवली. टाचणी मात्र आता मोकळी होती. ती दिवाणावर टुणकन उडी मारून काकांच्या पायाशी झोपायची, आणि काका तिला म्हणायचे, "चैन आहे बाबा तुझी."

सहा आठवड्यांनी ते कामाला बसले. जड सांगाडे उचलायला आता दोन हमाल यायचे, आणि काका बाजूला उभं राहून 'सावकाश, सावकाश' म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात दुकानात एक शाळामास्तरीण आली. खांद्याला जाळीची पिशवी, पिशवीत एक भलंमोठं पांढरं मांजर, आणि मांजराच्या चेहऱ्यावर साऱ्या जगाचा राग.

"दवाखान्यातल्या बाईंनी तुमचं नाव सांगितलं," ती म्हणाली. "परवा हिचं ऑपरेशन आहे. प्लॅस्टिकचा कोन बघूनच ही कपाटावर जाऊन बसते. तुम्ही मऊ करून देता म्हणे?"

"कुत्र्याचा केलाय. मांजराचा नाही केला अजून," काका म्हणाले. त्यांनी टेप गळ्यात अडकवली, चष्मा वर सरकवला आणि पिशवीची चेन दोन बोटं उघडली. आतून फिस्कारल्याचा आवाज आला. टाचणी दिवाणामागे गेली.

"जरा धरा हिला," काका म्हणाले. "मानेपासून नाकापर्यंत माप लागेल. चावते का?"

"चावत नाही," मास्तरीण म्हणाली. "ओरबाडते."

"अगं," काकांनी मागे वळून हाक मारली, "तुझा जाड कापडाचा हातमोजा आण बरं!"